मेणात उतरवलेली कॉफी

वितळलेल्या मेणात दोन चमचे चांगली कॉफी पूड ढवळली, वात लावली आणि गार होऊ दिलं की कॉफीच्या वासाची मेणबत्ती तयार झाली, असं घरी मेणबत्त्या करायला बसलेल्या अनेकांना सुरुवातीला वाटतं. अशी मेणबत्ती दिसते छान. पेटवल्यावर मात्र पूड वातीत अडकते, ज्योत मिणमिणते आणि कॉफीऐवजी जळकट दर्प सुटतो. व्हॅनिला इसेन्सची तऱ्हाही तीच. केकमध्ये घालायचा इसेन्स पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवलेला असतो. मेणाशी त्याचं जमत नाही आणि तो तळाशी थेंबथेंब होऊन साचतो. या फसगतीच्या मुळाशी एक साधा समज आहे: वास पदार्थात असतो, तेव्हा पदार्थ जितका जास्त घालू तितका वास खरा होईल. या प्रकरणात मला याच्या उलट बाजू मांडायची आहे. खाण्यापिण्याचा वास मेणात आणायचा असेल, तर त्या पदार्थातलं बहुतेक सगळं सोडून द्यावं लागतं, थोडंच निवडावं लागतं आणि निवडलेल्याच्या जोडीला त्या पदार्थात मुळीच नसलेलं काहीतरी ठेवावं लागतं. वास हुबेहूब वाटतो की नाही, हे या निवडीवर ठरतं.

कॉफीचंच उदाहरण पुढे नेऊ, कारण तिच्यावर झालेलं काम भरपूर आणि जुनं आहे. भाजलेल्या कॉफीतून हवेत उडणारी आठशेहून अधिक संयुगं आजवर ओळखली गेली आहेत. 1920 च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये हेर्मान स्टाउडिंगर आणि टाडेउश राइखस्टाइन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी या गुंत्यात हात घातला आणि 1926 मध्ये कॉफीच्या कृत्रिम सुगंधासाठी पेटंट घेतलं. (पुढे दोघांनाही नोबेल मिळालं, राइखस्टाइनना 1950 मध्ये आणि स्टाउडिंगरना 1953 मध्ये, पण ते अगदी वेगळ्या कामांसाठी.) त्यांच्या यादीतलं सर्वांत मोलाचं द्रव्य म्हणजे फरफ्युरिल मरकॅप्टन, गंधक असलेलं एक संयुग. दाट स्वरूपात त्याचा वास उग्र आणि नकोसा असतो. अब्जावधी कणांत एखाद्या कणाइतकं विरळ केलं की समोर ताजी भाजलेली कॉफी उभी राहते. नंतरच्या काळात म्युनिकजवळ व्हेर्नर ग्रोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत बसवली. पदार्थाचा अर्क पुन्हा पुन्हा पातळ करायचा, त्यातली संयुगं यंत्राने एकेक वेगळी करायची आणि यंत्राच्या तोंडाशी माणसाने नाक लावून बसायचं. सर्वांत विरळ अर्कातही ज्यांचा वास टिकतो तीच संयुगं महत्त्वाची मानायची. या कसोटीवर कॉफीतल्या आठशेंपैकी पंचवीस-तीसच उरली आणि तेवढीच योग्य प्रमाणात एकत्र केल्यावर मूळ कॉफीच्या अगदी जवळ जाणारा वास तयार झाला.

ही गोष्ट एकट्या कॉफीपुरती नाही. 2014 मध्ये जर्मन संशोधकांनी दोनशेहून अधिक खाद्यपदार्थांवर झालेल्या अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. अन्नातली उडून जाणारी संयुगं सुमारे दहा हजार. त्यांपैकी वास ठरवणारी जेमतेम 230. आणि एकेका पदार्थाला पुरतात ती तीनपासून चाळीसपर्यंत. तीच तीच द्रव्यं वेगवेगळ्या ठिकाणी भेटत राहतात. लोण्याचा वास देणारं डायअसेटिल कॉफीतही असतं. स्ट्रॉबेरी आणि अननसातला भाजल्या साखरेसारखा गोडवा देणारं फ्युरेनिऑलही कॉफीत असतं. मिसळणाच्या डब्यातल्या सातच वाट्यांतून आमटी, उसळ आणि भरली वांगी असे वेगळे पदार्थ निघतात, तसंच हे आहे. म्हणून सुटं द्रव्य हुंगून ते ‘कॉफीसारखं’ आहे का हे तपासण्यात फारसा अर्थ नाही. कॉफीच्या यादीतलं एक द्रव्य एकटं हुंगलं तर उकडलेल्या बटाट्यासारखं लागतं, दुसरं धुरासारखं, तिसरं मेथीसारखं. तिघं एकत्र आली, की बटाटा, धूर आणि मेथी नाहीशी होतात.

असं का होतं, याचं उत्तर नाकापेक्षा मेंदूच्या कामात आहे. ऑस्ट्रेलियातले डेव्हिड लेंग आणि त्यांचे सहकारी यांनी 1980 आणि 1990 च्या दशकांत केलेल्या प्रयोगांत असं आढळलं की मिश्रणातले घटक ओळखायला सांगितले, तर माणसाला तीन-चारांपलीकडे जाता येत नाही, सुगंधाच्या व्यवसायात मुरलेल्या माणसांनाही. त्यापुढे मिश्रण एकच वास म्हणून जाणवू लागतं. मेंदू घटक मोजत बसत नाही, तो आकृती ओळखतो. हे मान्य केलं, की पुढची पायरी कदाचित चमत्कारिक वाटेल, पण ती अपरिहार्य आहे: आकृती जुळत असेल तर घटक मूळ पदार्थातलेच असण्याची गरज उरत नाही. सुगंधाच्या धंद्यात ‘अल्डिहाइड सी-16’ या नावाने विकलं जाणारं एक द्रव्य शतकाहून अधिक काळ स्ट्रॉबेरीचा वास म्हणून वापरात आहे, पण खऱ्या स्ट्रॉबेरीत ते सापडत नाही. जत्रेतल्या साखरेच्या गुलाबी कापसाचा वास देणारं इथाइल माल्टॉलही प्रयोगशाळेतलंच. 1992 मध्ये बाजारात आलेल्या ‘एंजल’ या अत्तरात ते सढळ हाताने वापरलं गेलं आणि त्यानंतर मिठाईसारखे वास अंगावर लावायच्या अत्तरांत रुळले. आज दुकानात दिसणाऱ्या कॅरमेल आणि कपकेकच्या मेणबत्त्या त्याच वाटेवरच्या आहेत.

इथवर वासाबद्दल बोललो. आता मेणाकडे यायला हवं, कारण बाटलीत जमलेली आकृती मेणबत्तीत तशीच राहत नाही. मायकल फॅराडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी दिलेल्या नाताळच्या व्याख्यानांत मेणबत्तीचं सगळं कामकाज उलगडून दाखवलं होतं. 1861 मध्ये त्यांचं पुस्तकही झालं. मेण वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि जळते ती ही वाफ. जळून तिचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. यातून सुगंधाबद्दल एक निष्कर्ष निघतो, तो कमी लोकांच्या लक्षात येतो. वातीतून वर चढलेलं सुगंधी तेलसुद्धा मेणाबरोबर जळून जातं. खोलीत दरवळतो तो वास ज्योतीभोवती साचलेल्या पातळ मेणाच्या तळ्यावरून उठलेला असतो. म्हणून पेटवल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटं वास क्षीण असतो, आणि म्हणूनच वात बारीक पडून मेणात नुसती विहीर खणली गेली, तर महागातलं तेलही वाया जातं. या गरम तळ्यावरून प्रत्येक द्रव्य आपापल्या गतीने उडतं. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन 176 अंशांना उकळतं, व्हॅनिलिन 285 अंशांना. दोन्ही उकळण्याच्या खूप आधीच उडू लागतात, पण लिमोनीन फार पुढे असतं. परिणामी गार मेणबत्ती हुंगली तर संत्रं पुढे येतं, आणि तासभर जळल्यावर व्हॅनिला उरतो. गार वासाला मेणबत्तीवाले कोल्ड थ्रो म्हणतात आणि जळतानाच्या वासाला हॉट थ्रो. दोन्ही एकाच मेणबत्तीचे असूनही दोन वेगळ्या पाककृतींसारखे वागतात. मेण बदललं की पुन्हा वेगळं: पॅराफिनमध्ये खुलणारं तेल सोया वॅक्समध्ये मिटल्यासारखं वाटू शकतं, कारण एकेका द्रव्याला धरून ठेवण्याची दोन्ही मेणांची ताकद सारखी नसते.

मग घरी मिश्रण करणाऱ्याने करावं काय? बाजारात ‘कॉफी’ म्हणून मिळणारं फ्रेग्रन्स ऑइल हे आधीच कुणीतरी केलेलं मिश्रण असतं. सुगंधद्रव्यं बनवणाऱ्या कंपन्यांत (मुंबईत 1922 मध्ये सुरू झालेली एस. एच. केळकर ही त्यांपैकीच एक) तज्ज्ञ माणसं डझनावारी घटकांतून ते बांधतात. घरच्या माणसाचं काम त्यापुढचं, म्हणजे त्या सर्वसाधारण कॉफीला ठरावीक कॉफी करण्याचं. दुधाची कॉफी हवी असेल तर थोडा व्हॅनिला आणि लोण्याकडे झुकणारं एखादं तेल. माटुंग्याच्या उपाहारगृहांतली फिल्टर कॉफी हवी असेल तर चिकोरीच्या भाजक्या मुळांची आठवण करून देणारं कॅरमेल आणि त्याखाली किंचित लाकडाचा वास, कारण निव्वळ कॅरमेलने कॉफीची चॉकलेटची गोळी होते. सुरुवातीला दहा भाग कॉफी, तीन भाग व्हॅनिला, दोन भाग कॅरमेल आणि एक भाग देवदार असं प्रमाण धरायला हरकत नाही. कान साफ करायच्या कापसाच्या काड्या एकेका तेलात बुडवून त्याच प्रमाणात झाकणाच्या बरणीत रात्रभर ठेवल्या, की मेण खर्च न करता मिश्रणाचा अंदाज येतो. माप मात्र ग्रॅममध्येच घ्यावं, कारण एका तेलाचा थेंब दुसऱ्याच्या थेंबाएवढा नसतो. सोया वॅक्समध्ये साधारण सहा ते दहा टक्के तेल घालतात. 200 ग्रॅम मेणाला आठ टक्क्यांनी 16 ग्रॅम. आठवडा-दोन आठवडे मेणबत्ती मुरू द्यावी आणि निकाल पेटवल्यावरच लावावा. व्हॅनिलिनमुळे पांढरं मेण काही दिवसांत तपकिरी पडतं, हेही गृहीत धरलेलं बरं.

निवडीइतकाच सोबतीचा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा अमेरिकेतल्या भोपळ्याच्या पायमध्ये मिळतो. दर शरद ऋतूत तिथे ‘पंपकिन स्पाइस’ नावाच्या मेणबत्त्यांनी दुकानं भरतात. मॅकॉर्मिक कंपनीने पंपकिन पायचा मसाला डबीत भरून विकायला सुरुवात केली 1934 मध्ये. त्यात होतं ते दालचिनी, आलं, जायफळ अशा ओळखीच्या मसाल्यांचं मिश्रण, भोपळा नव्हताच. 2003 मध्ये स्टारबक्सने त्याच नावाची कॉफी आणली, तेव्हाही सुरुवातीला तिच्यात भोपळा नव्हता. शिजलेल्या भोपळ्याचा स्वतःचा वास इतका मंद असतो की लोकांच्या मनात ‘भोपळ्याचा वास’ म्हणून जे ठसलं ते त्याच्या सोबत्यांचं आहे. आपल्याकडची पुरणपोळी याच जातीची. नुसत्या शिजवलेल्या हरभरा डाळीच्या वासावरून कुणी पुरणपोळी ओळखणार नाही. ती ओळखू येते गूळ, वेलची, जायफळ आणि तव्यावरच्या तुपामुळे. पुरणपोळीची मेणबत्ती करायची असेल तर डाळीच्या मागे न लागता कॅरमेलला गुळाकडे वळवावं लागेल. मेथीत आणि कच्च्या उसाच्या साखरेत सापडणारं सोटोलॉन इथे उपयोगी पडतं, पण अगदी सूक्ष्म मात्रेत, नाहीतर सगळी खोली मेथीची होते. तुपासाठी लॅक्टोन वर्गातलं दुधाळ द्रव्य, वेलची बेताने, आणि जायफळ वेलचीहूनही कमी.

यावर पहिला आक्षेप येतो तो नैसर्गिकतेच्या बाजूने. हे सारं कृत्रिम आहे, प्रामाणिक माणसाने वनस्पतींपासून काढलेली सुगंधी तेलंच वापरावीत, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या आग्रहामागची काळजी खरी आहे. अडचण अशी की स्ट्रॉबेरी, आंबा, लोणी, भाजलेला पाव यांची ऊर्ध्वपातनाने काढलेली सुगंधी तेलं मिळतच नाहीत, कारण वास देणाऱ्या द्रव्यांची मात्रा त्या पदार्थांत फार थोडी असते. मसाले, लिंबूवर्गीय साली, गवती चहा यांच्यापुरता हा मार्ग खुला आहे आणि तिथे तो जरूर वापरावा. पण नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे गृहीतक टिकत नाही. दालचिनीतलं सिनॅमल्डिहाइड, लवंगेतलं युजेनॉल आणि संत्र्यातलं लिमोनीन ही तिन्ही युरोपीय संघाच्या ॲलर्जीकारक सुगंधद्रव्यांच्या यादीत आहेत, मग ती झाडातून आलेली असोत वा कारखान्यातून. वापराच्या मर्यादा ठरवणारी इफ्रा ही आंतरराष्ट्रीय संस्थाही द्रव्य आणि मात्रा पाहते. बंद खोलीत तासन्‌तास मेणबत्ती जाळू नये, हा सल्ला दोन्ही प्रकारांना सारखाच लागू आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. लोकांना वास ओळखू येतो तो डबीवरच्या नावामुळे. नाव काढून घ्या, मग बघा काय उरतं, असं म्हणता येतं, आणि त्याला पुरावा आहे. 2001 मध्ये रेचल हर्झ आणि ज्युलिया फॉन क्लेफ यांनी ब्युटिरिक आणि आयसोव्हॅलेरिक आम्लांचं एकच मिश्रण लोकांना एकदा ‘पार्मेझान चीज’ म्हणून आणि एकदा ‘उलटी’ म्हणून हुंगायला दिलं. नाव बदलताच पसंती उलटली. त्याच वर्षी बोर्दोमध्ये 54 जणांना पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग घालून दिला, तेव्हा त्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. पण हे प्रयोग बारकाईने पाहिले तर ते माझ्या म्हणण्याला बळच देतात. ब्युटिरिक आम्ल चीजमध्ये खरोखर असतं आणि उलटीतही असतं. दोन्ही वाइन एकाच फळाच्या. म्हणजे रेणूंनी ज्या शक्यता खुल्या ठेवल्या त्यांतली एक नावाने निवडली. जी शक्यता रेणूंत नाही ती नाव निर्माण करील, असं या प्रयोगांतून निघत नाही. लवंगेच्या तेलावर स्ट्रॉबेरीची चिठ्ठी लावून काम भागणार नाही. बशी, वाफ, रंग, भूक आणि नाव ही सोबत खऱ्या पदार्थालाही असतेच. मेणबत्तीजवळ त्यांपैकी नाव आणि रंग एवढंच उरतं, तेव्हा त्यांचा आधार घेण्यात मला लबाडी दिसत नाही.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र काही प्रमाणात माघार घ्यावी लागते. जेवण झाल्यावर खाण्याचा वास नकोसा होतो. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ मिशेल काबानाक यांनी 1971 मध्ये दाखवून दिलं की एकच उत्तेजना शरीराच्या गरजेनुसार सुखद किंवा असुखद होते. भुकेल्याला आवडणारा अन्नाचा वास पोट भरल्यावर तितका आवडत नाही. मेणबत्ती तर तीन-चार तास जळते. कांदाभजी, मिसळ, तळलेले मासे यांच्या मेणबत्त्या कुणी हौसेने घेत नाही, यामागे हे मोठं कारण असावं, आणि त्या करू नयेत असंच माझं मत आहे. गोड, मसालेदार आणि भाजक्या वासांना हा नियम पूर्ण सोडत नाही, पण त्यांना ताटापासून थोडं दूर नेता येतं. कॉफीखाली देवदार, व्हॅनिलाजवळ तंबाखूच्या पानाचा वास, सफरचंदाबरोबर धुराची छटा ठेवली की नाक त्याकडे जेवण म्हणून पाहत नाही आणि वास संध्याकाळभर सहन होतो. पदार्थात नसलेलं द्रव्य पदार्थासाठीच का घालावं लागतं, त्याचं हे एक ठोस कारण. लहान मुलांचा धोका वेगळा आणि गंभीर आहे. खाद्यपदार्थ समजून तोंडात घातल्या जातील अशा धोकादायक वस्तूंवर युरोपात 1987 मध्ये बंदीचा नियम झाला, तो रूप, वास, रंग, वेष्टन असं सगळं पाहून. वाटीभर मलईसारखं फेटलेलं मेण आणि वर मेणाचीच चेरी, ही हौस सोडून द्यावी. वास बरोबर जमला असेल तर साध्या डब्यातूनही तो ओळखू येतो.

निवडीची खरी परीक्षा ताज्या फळात होते, आणि हापूससारखं कठीण फळ नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी हापूसच्या वासाचा कैरीपासून पिकेपर्यंतचा माग काढला आहे. कच्च्या फळात टर्पीन वर्गातल्या हिरवट, राळेसारख्या द्रव्यांचं राज्य असतं, त्यांत ऑसिमीन प्रमुख. पिकताना फ्युरेनिऑलसारखी गोड द्रव्यं आणि पीच-नारळाची आठवण देणारी लॅक्टोन नव्याने प्रकट होतात, पण टर्पीन जात नाहीत. आंब्याच्या बहुतेक मेणबत्त्यांत नुसतं गोड आणि लॅक्टोन असतं, म्हणून त्या आंब्यापेक्षा सरबताच्या बाटलीकडे जातात. हापूसपण आणायला देठाजवळच्या चिकाची ती तिखट, टर्पेंटाइनसारखी छटा हवी. आंब्याच्या चिकात मिर्सीन आणि ऑसिमीन असतातच. अडचण पुन्हा मेणाची. ऑसिमीन चटकन उडतं आणि हवा लागून बदलतंही, तर लॅक्टोन मागे रेंगाळतात. गार मेणबत्तीत दोहोंचा तोल नेमका साधला, तर तासाभराच्या ज्योतीनंतर नुसता सरबताचा गोडवा शिल्लक राहील. म्हणून मिश्रण करताना गार वास मुद्दाम कैरीकडे, थोडा जास्तच हिरवा झुकलेला ठेवावा लागतो, आणि लॅक्टोन नाकाला पुरेसे वाटतात त्याच्या थोडं अलीकडेच थांबवावे लागतात.